कागदाचा कल

टेबलावर कापड पडलं की शिंपी कात्री उचलण्याआधी त्याचा उभा धागा शोधतो. उरेबात गेलं तर पुढे झोळ येणार हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. कागदाचं घर, जहाज, रेल्वेचं इंजीन नाहीतर किल्ल्याचा बुरूज करायला बसलेला माणूस मात्र कागदाला असलं काही विचारत नाही. आराखडा छापतो, कापायला घेतो, आणि बुरूज लंबगोल झाला की आपला हातच वाईट म्हणून मोकळा होतो. हात बहुतेक वेळा ठीक असतो. कागद आडवा लागलेला असतो.

कागदाला उभं-आडवं असतं ते गिरणीतच. पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो, आणि त्यातले बहुतेक तंतू जाळी धावते त्या दिशेला लांब होऊन निजतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. मराठीत ‘कल’ म्हणायला हरकत नाही, कारण त्या बाजूला वळायचं तर कागद राजी असतो, दुसरीकडे वळवा म्हटलं की कुरकुरतो. कलाला समांतर घडी सुरेख बसते. कलावर आडवी घडी घातली की तंतू मोडतात, घडीच्या कडेला पांढऱ्या चिरा दिसतात, आणि जाड कार्ड असेल तर वरचा रंगच उडतो.

कल ओळखायच्या चार-पाच युक्त्या आहेत. त्यातली सगळ्यात भरवशाची म्हणजे दोन पट्ट्यांची. एकाच कागदातून दीड सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापायच्या, एक कागदाच्या लांबीतून, एक रुंदीतून. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाशी चिमटीत धरायच्या, मग उलटवून पुन्हा धरायच्या. जी पट्टी जास्त लोंबते तिच्यात तंतू आडवे आहेत. जी ताठ राहते तिच्यात उभे. कागद कापायचा नसेल तर नखाएवढा कोपरा एका बाजूने ओला करावा. तो लगेच गुंडाळी होतो, आणि गुंडाळीची नळी ज्या दिशेला पडते तोच कल. फाडून बघणं हीही एक रीत आहे. कलाच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा. पण फाडून बघायला नवा कोरा आयव्हरी ताव घ्यायचा जीव होत नाही.

ए४च्या तयार रिमात कल बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो. खरी गडबड होते ती दुकानदाराने मोठ्या तावातून कापून दिलेल्या कार्डात. २२ बाय २८ इंचांच्या तावातून चार ए४ निघतात, पण मूळ तावाचा कल कुठल्या बाजूला होता हे दुकानदार सांगत नाही, त्याला विचारलं तर तो तुमच्याकडे विचित्र बघतो. म्हणून घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पट्ट्यांची परीक्षा, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक तावाच्या मागे पेन्सिलीने एक बारीक बाण. हा बाण पुढे फार कामाला येतो.

आता कागद किती जाड घ्यायचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाचं दुकान गाठलं की ‘जीएसएम किती?’ हा प्रश्न येतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे १६० जीएसएमचा एक ए४ कागद १० ग्रॅमचा आणि साधा ८०चा ५ ग्रॅमचा. दुकानदार २०० म्हणून देतो तो खरंच २०० आहे का, हे घरच्या किचनच्या डिजिटल काट्यावर समजतं: दहा कागद ठेवा, १२५ ग्रॅम भरले पाहिजेत. १०० भरले तर तो १६०चा आहे. भांडायला जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण जाडी कळली हे महत्त्वाचं.

बहुतेक मॉडेलचं अंग १६० ते २०० जीएसएममध्ये नीट उभं राहतं. १६०चा साधा, चकाकी नसलेला कागद साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. जहाजाच्या डोलकाठीवरच्या शिड्या, तोफांची चाकं, खिडक्यांच्या चौकटी असल्या बारीक गोष्टींना ८० ते १०० पुरे. एक्झिक्युटिव्ह बॉन्ड म्हणून जो मिळतो तो यासाठी उत्तम, पृष्ठभाग घट्ट असतो आणि कडा लवकर उसवत नाहीत. २५०च्या पुढे घडीचं काम अवघड होतं. तिथून पुढचा माल सपाट भागांसाठी आणि आतल्या सांगाड्यासाठी. सांगाड्याला मात्र विकत काही आणू नये. लग्नपत्रिका, शर्टाच्या पाकिटातला पुठ्ठा, मिठाईच्या खोक्याचं झाकण यांतून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं सगळं निघतं. एक मिलिमीटरचा पुठ्ठा हवा असेल तर बाइंडिंगवाल्याकडे कप्पा बोर्ड मागावा. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळणारा पिवळट स्ट्रॉबोर्ड टाळावा. तो कापताना भुगा होतो, आणि कडेला थर सुटतात.

छापणारे लोक हटकून ‘आर्ट कार्ड देतो, छान येईल’ म्हणतात. येतं छान, पण फक्त चिकटवेपर्यंत. त्यावरच्या चकचकीत लेपात गोंद मुरत नाही, घडीवर लेप तडकतो, आणि बोटांचे ठसे कायमचे राहतात. मॅपलिथो, कार्ट्रिज, साधं मॅट कार्ड, काही चालेल, लेप नको.

हातकागदाचा इथे वेगळा उपयोग आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जो कागद होतो त्यात लगदा साच्यात उचलला जातो, धावत्या जाळीवर पडत नाही, म्हणून तंतू सगळीकडे पांगलेले असतात आणि कल जवळजवळ नसतो. जाडी मात्र सारखी नसते आणि अंग खरबरीत. मोजूनमापून बसणाऱ्या यंत्राच्या मॉडेलला तो नको, पण तटबंदीचा काळा दगड, कौलं, मातीची भिंत यांना त्याच्यासारखा कागद नाही. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा इथला जुना कागद तयार झाल्यावर गुळगुळीत दगडाने घासून घोटला जायचा. शाळेच्या कार्यानुभवातला ‘घोटीव कागद’ आता यंत्रावर होतो, शब्दात तेवढी घोटाई शिल्लक आहे. घोटणं हे काम मात्र मॉडेल करणाऱ्याला आजही करावं लागतं. घडी नखाने दाबू नये, नखाने चकाकी येते. चमच्याची पाठ किंवा हाडाची घोटणी घ्यावी आणि मध्ये एक साधा कागद ठेवून त्यावरून फिरवावी.

छपाईत एकच चूक सगळ्यांकडून होते. पृथ्वीवरचे अर्धे आराखडे अमेरिकी लेटर आकारात असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. प्रिंटरला ‘फिट टू पेज’ सांगितलं की तो सगळं गपचूप ९७ टक्क्यांवर आणतो, समासामुळे कधी त्याहूनही खाली. सगळी पानं तशीच छापली तर एक वेळ चालतं, मॉडेल थोडं लहान होईल इतकंच. पण पहिली चार पानं घरी छापली आणि उरलेली दोन झेरॉक्सवाल्याकडे मूळ आकारात छापली, तर ६३ मिलिमीटरच्या पट्टीत जवळपास पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि टोपी बुरुजावर बसत नाही. म्हणून कुठेही छापा, ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ निवडा आणि पानावर कुठेतरी १०० मिलिमीटरची रेघ असेल तर ती पट्टीने मोजा. नसेल तर कुठलाही लांब भाग दोन्ही पानांवर मोजून ताडून घ्या.

घरचा इंकजेट आणि दुकानातला लेझर यांत निवडायचं तर दोघांचे रोग वेगळे आहेत. इंकजेटची साधी शाई पाण्याला भिते. गोंदाचा ओलावा लागला की पसरते, घामाच्या बोटालाही डाग पडतो. त्यावर उपाय म्हणजे कापण्याआधी अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात, हातभर अंतरावरून. लेझरची शाई पाण्याला दाद देत नाही, पण ती कागदावर वितळून बसवलेली पूड असते, घडीवर सुटते. तिथे घडीच्या रेघेवर त्याच रंगाची पेन्सिल फिरवायची. स्प्रेबद्दल एक सांगायला हवं, भर पावसात तो मारू नये. हवेतली ओल वाळत्या थरात अडकते आणि काळ्या रंगावर दुधाळ झाक येते, ती पुसली जात नाही.

आता हत्यारं. यादी छोटी आहे आणि ती छोटीच राहावी. ९ मिलिमीटरचं मोडतं कटर, सर्जिकल दुकानातलं ३ नंबरचं स्कालपेल हँडल आणि त्याला बसणारी ११ नंबरची पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, संपलेलं बॉलपेन, टोकदार चिमटा, टूथपिक. कात्री फक्त मोठा ताव तुकड्यांत वाटायला.

मोडत्या पात्याची कल्पना १९५६ साली ओसाकातल्या योशिओ ओकादा या माणसाला सुचली. फुटलेल्या काचेची ताजी धार आणि मोडून खायची चॉकलेटची वडी यांतून ती आली असं सांगतात. त्यातूनच ओल्फा ही कटरची कंपनी निघाली. गंमत अशी की हे कटर घेतलेले बहुतेक लोक पातं मोडतच नाहीत. महिनोन्‌महिने तेच टोक चालवतात. बोथट पातं कागद कापत नाही, ढकलतं. कोपऱ्यात शेवटचा तंतू तुटत नाही, तो ओढून काढला जातो आणि कडेला बारीक लव दिसते. ती लव दिसली की पक्कडीत धरून पुढचा तुकडा मोडावा. टोकाकडेच जपून काम केलं तरी १६० जीएसएमच्या ए४ मॉडेलला तीन-चार तुकडे सहज लागतात. ११ नंबरचं पातं फार बारीक काम करतं, पण त्याचं टोक पातळ असतं. पुठ्ठ्यावर चालवलं की कट्‌कन मोडतं, आणि ते कुठे उडालं हे सापडेपर्यंत कुणाचा पाय जमिनीवर टेकू देऊ नये.

कापताना जोर लावायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. १६०चा कागद दोन फेऱ्यांत सुटतो, एक मिलिमीटरचा कप्पा बोर्ड सहा ते आठ फेऱ्यांत. एकाच फेरीत उरकायला गेलं की मनगट कलतं, पातं तिरकं होतं, आणि पुठ्ठ्याची कड वरून बरोबर, खालून मिलिमीटरभर बाहेर येते. असे चार तुकडे जोडले की चौकोनी खोली कधीच चौकोनी होत नाही. पट्टी नेहमी हव्या असलेल्या भागावर ठेवावी. पातं घसरलं तरी ते टाकाऊ बाजूला जातं. आतल्या खिडक्या आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण बाहेरची कड सुटल्यावर हातात धरायला काही राहत नाही. खिडकीचा कोपरा कापताना टोक बरोबर कोपऱ्यात रोवायचं आणि तिथून बाहेर ओढायचं, दोन्ही बाजूंना तसंच. कोपऱ्याकडे येत येत कापलं की पातं पुढे निसटतं आणि भिंतीवर कायमची मिशी उमटते.

घडीच्या रेघा मात्र कापण्याच्याही आधी दाबून घ्यायच्या. संपलेलं बॉलपेन यासाठी छान, पण ते खरंच संपलंय का हे रद्दीवर बघून घ्यावं. उन्हाळ्यात मेलेल्या रिफिली अचानक जिवंत होतात. रेघेची खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. म्हणजे भिंतीचा कोपरा, जिथे छापील बाजू बाहेर राहते, तिथे पुढून दाबायचं. आत वळणाऱ्या घडीची खाच मागून. मागे रेघ छापलेली नसते, तेव्हा रेघेच्या दोन्ही टोकांना सुईने टोचून, कागद उलटवून, ती दोन भोकं पट्टीने जोडायची. पात्याच्या धारेने अर्धवट चिरून घडी घालणारेही आहेत. जाड पुठ्ठ्याला ते ठीक, १६०ला नको. चिरलेली घडी दोनदा उघडमीट केली की सुटते.

एक गोष्ट इथे जवळून बघू: नळकांडं. बुरूज, चिमणी, तोफ, जहाजाचं धुराडं, इंजिनाचा बॉयलर, सगळं शेवटी नळकांडंच, आणि मॉडेल चांगलं की वाईट हे लांबून ओळखायचं असेल तर त्याच्या नळ्या बघाव्यात. २० मिलिमीटर व्यासाच्या लाकडी दांड्यावर १६०च्या कागदाची नळी गुंडाळायची आहे असं धरू. परीघ पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले २०, म्हणजे ६२.८ मिलिमीटर, असं गणित करून पट्टी कापली की सांध्यात फट राहते. कारण कागदाला जाडी आहे. तो आतल्या अंगाने आवळतो, बाहेरच्या अंगाने ताणतो, आणि त्याची खरी लांबी मधल्या थरावर मोजावी लागते. म्हणून व्यासात एक जाडी मिळवायची: २० अधिक ०.२, गुणिले पाय, ६३.५. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला. या नळीवर तोफेच्या तोंडाचा पट्टा म्हणून दुसरा थर चढवायचा असेल तर तो ६४.७. आराखडा करणाऱ्याने हे गणित एका जाडीसाठी केलेलं असतं. तो १६०साठी आखलेला आणि तुम्ही २५०वर छापलेला, तर सगळे बाहेरचे पट्टे आखूड पडणार. हाच न्याय आराखडा लहान करताना. अर्ध्या आकारात छापलं तरी कागद अर्धा पातळ होत नाही, तो आपण बदलावा लागतो. १६०चं काम मग ८०वर.

आता कल. नळीचा अक्ष आणि कल समांतर पाहिजेत, म्हणजे कागद आपणहून गोल होतो. यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते: तोफेचा ५ मिलिमीटर रुंद आणि ६४.७ लांब पट्टा असेल तर तंतू त्याच्या ५ मिलिमीटरच्या बाजूने गेले पाहिजेत, लांबीने नव्हेत. लांब पट्टी लांबीच्या कलात कापायची सवय हाताला असते, इथे ती मोडावी लागते. छापील पानावर भाग जागा वाचवण्यासाठी कसेही आडवे-उभे टाकलेले असतात, तेव्हा सरळ ते पान दोनदा छापावं, एकदा उभ्या कलाच्या कागदावर, एकदा आडव्या. एक कागद जास्त गेला, चालतं.

मग गोलाई. कागद थेट दांड्याला गुंडाळला तर तो एका जागी मोडतो आणि पुढे सपाट राहतो. आधी टेबलाच्या कडेवरून हलक्या हाताने दोन-तीनदा ओढायचा, मग जाड पेन्सिलीवर, मग त्याहून बारीक सळईवर, शेवटी हातात सोडला की हव्या व्यासापेक्षा थोडा जास्तच मिटलेला हवा. सांध्याला कडेवर कड चढवू नये. चढवली की तिथे दोन थरांचा उंचवटा येतो आणि बुरुजाला पाठीचा कणा फुटतो. दोन्ही कडा टेकवून आतून त्याच कागदाची ८ मिलिमीटरची पट्टी लावावी, तिचा कलही नळीसारखाच, आणि तीही आधीच वळवलेली. गोंद आधी पट्टीच्या एका अर्ध्याला. तो धरल्यावर दुसऱ्या अर्ध्याला, आणि दांड्यावर ठेवून बोटाने दाबून. घाईत दोन्ही अर्धे एकदम लावले की कडा एकमेकींवरून सरकतात.

वरचं निमुळतं छप्पर म्हणजे शंकू. त्याचं गणित तोंडी होतं. तिरकी उंची ४० मिलिमीटर आणि तळाची त्रिज्या १० हवी असेल तर ३६० गुणिले १० भागिले ४०, म्हणजे ९० अंश, वर्तुळाचा बरोबर पाव तुकडा. छपराला बाहेर पागोळी हवी म्हणून त्रिज्या १२ केली की १०८ अंश. इथे कलाशी तडजोड करावी लागते, कारण पंख्यासारख्या तुकड्यात तंतू सगळ्या बाजूंनी टोकाकडे जाऊ शकत नाहीत. कल मधल्या रेघेने ठेवावा. दोन्ही कडांना तो तिरका पडतो, म्हणून सांधा तिथेच उलगडायला बघतो. त्या कडा आधीच जास्त वळवून घेतल्या की गोंदावर ताण येत नाही. टोकाचा एक मिलिमीटर कापून टाकावा, नाहीतर सगळा कागद एका बिंदूत जमून चुरगळतो. त्या छोट्या भोकात कळस बसवला की झाकलं जातं.

या नळ्या, शंकू कोरे, न छापलेले आकार म्हणूनही करून बघण्यासारखे आहेत. घनाकृती उलगडून सपाट कागदावर मांडायची ही विद्या जुनी. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात ती दिसते. छापील रंगीत तावांचा धंदा नंतर युरोपात वाढला, जर्मनीतल्या एसलिंगेनच्या श्रायबरसारखी प्रकाशनं त्यात पडली, आणि आजही पोलिश आणि जर्मन आराखड्यांतली बारीक मोजणी बघून थक्क व्हायला होतं. आपल्याकडे कागदाच्या बांधणीचं पहिलं शिक्षण दिवाळीच्या आकाशकंदिलावर होतं, पण तिथे भार बांबूच्या काड्या घेतात, कागद नुसता अंगरखा असतो.

गोंदाकडे यावं तर सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. जास्त लावला की घट्ट बसेल. पांढरा गोंद, आपल्याकडचा फेविकॉल एमआर, हा पाण्यात विरघळून राहिलेला नसतो, पाण्यात तरंगणाऱ्या राळेच्या बारीक कणांचं दूध असतं. पाणी गेलं की कण एकमेकांना धरतात. म्हणजे पाणी नुसती गाडी आहे, आणि ती गाडी कागदाला नको असते. तंतू पाण्याने फुगतात, लांबीत फारसे नाहीत, जाडीत. त्यामुळे कागद कलाच्या आडव्या दिशेने पसरतो. एका बाजूने पसरला आणि दुसरीकडून तसाच राहिला की वाकतो. भिंतीच्या मधोमध जी लाट दिसते ती बहुधा आतून लावलेल्या जादा गोंदाची असते, आणि वाळल्यावर ती जात नाही.

म्हणून बाटलीतून थेट लावू नये. झाकणावर मटाराएवढा थेंब घ्यावा, टूथपिकने टॅबला म्हणजे चिकटवायच्या कानाला पातळ लावावा, समोरच्या भिंतीला नव्हे. अर्धा मिनिट थांबावं. ओल कमी होऊन गोंदाला तार सुटू लागली की जोडावं, एकाच मोजक्या दाबाने. झाकणावरचा थेंब दहा मिनिटांत साय धरतो, तो टाकून नवा घ्यावा. सायीचे तुकडे सांध्यात गेले की बारीक खडे होतात. कडेने गोंद बाहेर आला तर पुसायचा नाही. पुसला की तो पसरतो आणि चमकतो. कोरड्या टूथपिकने उचलायचा.

मोठा छापील भाग पुठ्ठ्यावर चिकटवायचा असेल तर दोन वाटा. एक रबराच्या गोंदाची, फेविबॉन्डसारख्या, त्यात पाणी नसल्यामुळे वाकत नाही. दोन्ही बाजूंना लावून, कोरडा वाटेपर्यंत थांबून मग जोडायचा, आणि एकदा टेकला की सरकत नाही. खिडकी उघडी ठेवावी, वास डोक्यात जातो. दुसरी वाट पांढऱ्या गोंदाचीच, पण पुठ्ठ्याच्या मागे त्याच जाडीचा कोरा कागद त्याच कलात लावायचा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा. रात्रभर वजनाखाली ठेवायचं. वाईच्या मराठी विश्वकोशाचे दोन खंड या कामाला पुरतात. ग्लू स्टिक सोपी वाटते, पण दोन-तीन वर्षांत कडा उघडतात. फेविक्विक जोडायला नव्हे, कडक करायला वापरावं. पुठ्ठ्याच्या चाकाच्या कडेला थेंब मुरवला की ती प्लास्टिकसारखी होते, मग ४००च्या पॉलिश पेपरने घासून गोल करता येते. छापील भागाजवळ मात्र नको, त्याच्या वाफेने पांढरी बुरशीसारखी पूड बसते. आणि खळ? बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात ते उगाच नाही. नुसत्या मैद्याच्या खळीचं मॉडेल कसर आणि झुरळं मिळून खातात.

कापलेली प्रत्येक कड पांढरी असते, आणि हाच कागदी मॉडेलचा सगळ्यात मोठा चहाडखोर. कडा जोडण्याआधी रंगवाव्यात, नंतर फट सापडत नाही. जलरंगाची अर्धवट कोरडी कुंचली किंवा वॉटर कलर पेन्सिल, रंग छापील भागापेक्षा थोडा फिका. कडेला तो गडदच दिसतो. काळ्या भागालाही काळा लावू नये, गडद राखाडी लावावा. स्केच पेनने कड ओढली तर शाई आत झिरपून पुढच्या बाजूला केसासारख्या रेघा येतात. पेनाची बाजू टेकवावी, टोक नव्हे.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं, विशेषतः कोकण-गोव्यात. कोरड्या हवेत छापलेला २०० मिलिमीटरचा भाग आषाढात कलाच्या आडव्या बाजूने सहज मिलिमीटरभर वाढलेला असतो. मेमध्ये अर्धं जोडलेलं जहाज जुलैत पुढे न्यायचं, तर नवे भाग त्याच खोलीत दोन दिवस पसरून ठेवावेत, मग कापावेत. छापलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत राहू द्यावेत. पुड्या बुटांच्या खोक्यांतून मिळतात.

मॉडेल झाल्यावर तावांच्या मधली जागा उरते, कधी अर्ध्याहून जास्त. ती फेकू नये. त्याच कागदाचे, त्याच जाडीचे आणि आता माहीत झालेल्या कलाचे तुकडे आहेत ते, आणि सांध्याच्या आतल्या पट्ट्या त्यातूनच निघतात. फक्त पिशवीत टाकण्याआधी प्रत्येकाच्या मागे बाण आहे का ते बघावं. तावाच्या मागे आधी काढलेला एकुलता एक बाण कापाकापीत कुठल्यातरी भिंतीच्या आत जाऊन बसलेला असतो.